मादागास्करातील पुरलेली पुस्तके

हिंदी महासागरातील मादागास्कर बेटावर राणी पहिली रानावालोना हिने १८३५ साली प्रजेस ख्रिस्ती धर्म वर्ज्य केला. पूर्वजांचा मान त्यायोगे बुडतो, ही तिची तक्रार होती. पुढील वर्षापर्यंत परदेशी मिशनरी निघून गेले. तत्पूर्वी मलागासी भाषेतील बायबल मात्र छापून झाले होते. लोकांनी त्याच्या प्रती जमिनीत पुरल्या, गुहांत दडविल्या. १८३७ साली रासालामा नामक स्त्रीस भाल्याने मारण्यात आले. वधस्थानी जाताना ती स्तोत्रे गात होती. प्रवचनास कधी न फिरकणारेही वध पाहावयास जमतात, हे राणीच्या ध्यानी आले नसावे. १८४९ साली चौदा जणांचा राजधानीतच कडेलोट झाला. १८६१ साली राणी वारली. मिशनरी परतले तेव्हा ख्रिस्ती मंडळी पूर्वीहून कितीतरी वाढलेली आढळली. ती वाढविली होती बेटवासीयांनीच.