क्यासनूर ते पाषाण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ काढलं. डास-गोचिडींमार्फत पसरणारे विषाणू शोधायचे, हे त्याचं काम.

पाचच वर्षांत कसोटीचं प्रकरण आलं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रोगी वाढले. पहिला संशय पीतज्वराचा. हा रोग भारतात कधी नव्हताच, म्हणून धास्ती मोठी. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी संशयावर थांबले नाहीत. माकडांचे अवयव, रोग्यांचं रक्त उंदराच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत टोचलं. पिल्लं मेली, विषाणू हाती लागला. तो निघाला रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या गोतातला.

विषाणू सापडला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं नसतं. रोग्याचं रक्त दोनदा घ्यायचं, ताप चढलेला असताना आणि बरा झाल्यावर. दुसऱ्या खेपेला त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निदान चौपट वाढलेली दिसली, तर आरोप टिकतो. मग विषाणू माणसापर्यंत येतो कसा? त्यासाठी रानातल्या पाचोळ्यावरून कापड ओढत न्यायचं, चिकटलेल्या बारीक गोचिडी चिमट्याने वेचायच्या, त्यांची जात ओळखायची आणि वाटून पुन्हा पिल्लांना टोचायच्या. गोचिडींतही तोच विषाणू निघाला. या कामात प्रयोगशाळेतल्या अनेकांना हाच ताप आला, हे विसरता येत नाही.

रशियाशी नातं दिसल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवरही आळ आला. तो शाबीत झाला नाही. पण त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला आणि सालिम अलींच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. आळ पक्ष्यांवर, फायदा पक्षिशास्त्राचा! क्यासनूरच्या या तापालाच आपल्याकडे ‘माकडताप’ म्हणतात. २०१६ साली सिंधुदुर्गातही तो पोचला.

१९६५ साली नागपुरात तापाची साथ चालू असताना दोन रोग्यांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू निघाला. वस्तीवरून नाव पडलं चांदीपुरा. पुढे बरीच वर्षं तो फार कुणी मनावर घेतला नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, तेव्हा पुण्याच्या तपासात हाच सापडला.

१९७८ साली संस्था ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ झाली. तेव्हा खोर्शेद पावरी संचालक होत्या. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारोंना कावीळ झाली होती. तेव्हाचं जपून ठेवलेलं रक्तद्रव पुण्याच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासलं आणि १९८० साली जाहीर केलं, की ही कावीळ ‘अ’ही नाही, ‘ब’ही नाही. आज तिला हेपटायटिस ‘ई’ म्हणतात.

२०११ साली संस्थेने गुजरातेत काँगो ताप ओळखला. पुढे पुण्यातच, पाषाणला सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा झाली. २०२० साली इथे वेगळा केलेला करोना विषाणू ‘कोव्हॅक्सिन’साठी वापरला गेला आणि संस्थेचं नाव घरोघरी पोचलं.

माझ्या मते मात्र तिचं सगळ्यात मोठं काम क्यासनूरचंच. जनुकक्रम वाचणारी यंत्रं आज विकत मिळतात. पाचोळ्यातली गोचीड पाहून जात सांगणारी माणसं तयार करावी लागतात. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी या वाटेचाही विचार करावा.