जवारी आणि घरघर

आमच्या रत्नागिरीच्या घरीं माझा पुतण्या विजेची गिटार वाजवूं लागला, तेव्हां ओटीवर बसलेल्या आईनें पहिलाच प्रश्न केला, "यंत्र बिघडलं का रे?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या संगीतास 'हेवी मेटल' म्हणतात, त्याचा इतिहास बव्हंशीं या प्रश्नाचाच इतिहास आहे.

ध्वनिवर्धकांतील व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार घातला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि मूळ नादांत नसलेले वरचे उपस्वर त्यांत मिसळतात. यंत्रज्ञ यास दोष म्हणत. १९६४ सालीं लंडनच्या 'किंक्स' मंडळींतील डेव्ह डेव्हिस यानें लाउडस्पीकरचा कागदी पडदा पात्यानें चिरून तो दोष मुद्दाम मिळविला. पण त्यावर एक संबंध शैली उभारली ती बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यानें.

हा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. १९६५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमेचीं व अनामिकेचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच! कारखान्यांतील वरिष्ठानें त्यास जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनीं वाजविणारा हा वादक. मग आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडें चढविलें आणि बँजोच्या बारीक तारा गिटारीस लावल्या. १९७१ पर्यंत त्यानें तारा तीन अर्धस्वर खालीं उतरविल्या. त्या सैलावून बोटांस सोसूं लागल्या, आणि नाद अधिकच गडद झाला.

त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें एका दिवसांत मुद्रित झाली. गिब्सन गिटार, उंच स्वर वाढविणारी एक लहानशी पेटी आणि लेनीचा शंभर वॅटचा ध्वनिवर्धक, ही त्याची मुख्य सामुग्री. अशा मुद्रणांत मायक्रोफोन गिटारीसमोर नव्हे, लाउडस्पीकरच्या पडद्यासमोर ठेवतात. कारण तापलेला व्हॉल्व्ह आणि थरथरणारा कागद हेंही वाद्याचेंच अंग होय. आपल्याकडे मुंबईस १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे मेळे भरूं लागले. पुढें 'भयानक मौत' नांवाचीही मंडळी निघाली. (हें नांव आईस अद्याप सांगितलेलें नाहीं.)

घाटापलीकडे मिरजेस तंतुवाद्यें करणारीं शिकलगार घराणीं मूळचीं शस्त्रांस धार लावणारीं. त्यांच्या हातच्या तंबोऱ्याची तार सपाट घोडीला हलकेच घासत सुटते. खालीं एक सुती दोरा सारून तो नेमक्या जागीं आणला कीं जवारी खुलते. तीही उपस्वरांचीच करामत. मीं पुतण्यास आईचा तंबोरा आणून दोरा काढावयास लावला. तार मुकी झाली. आंतून आई म्हणाली, "दोरा सरकला वाटतं."

तरी एक भेद मला विसरतां येत नाहीं. जवारी गायकाच्या मागें उभी राहते. ही घरघर पुढें येऊन बसते. पुतण्या म्हणतो, तिनें पुढेंच बसावें. रात्रीं आठनंतर मात्र त्यानें तिला कानयंत्रांतच बसवावें, एवढें आमचें ठरलें आहे.