पुढचा कॅमेरा मागे का राहिला?



मागच्या नोव्हेंबरात आम्ही चौघीजणी आमच्या गटातल्या एका आत्याबाईंचा हयातीचा दाखला काढायला बसलो होतो. त्यांचे मालक साखर कारखान्यात कामाला होते. ते गेल्यापासून आत्याबाईंना ईपीएस-95 ची विधवा पेन्शन मिळते. या पेन्शनीची किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये महिना 1000 रुपये ठरली. आत्याबाईंना तिच्याहून थोडी जास्त मिळते, पण वर्षातून एकदा दाखला गेला नाही तर तीही थांबते. आता हा दाखला घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून निघतो, म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने ओसरीवर ठाण मांडलं. सुनेचा फोन घेतला, आत्याबाईंनी पदर सारखा केला, पुढच्या कॅमेऱ्यात बघितलं, डोळे मिचकावले. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. परत केलं, परत तेच. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे मशीन म्हणतंय मी ती न्हाई. मग हाय कोण मी?"

आम्ही हसलो खरं, पण घरी जाताना कुणीच फारसं बोललं नाही. दोनशे माणसांच्या गावात जिला शेंबडं पोर ओळखतं, तिला फोन ओळखत नव्हता. मग आम्ही या पुढच्या कॅमेऱ्याची, म्हणजे आपण ज्याला सेल्फीचा कॅमेरा म्हणतो त्याची, कुळकथा शोधायला लागलो. तीच आज सांगतो.

फोनला आपल्याकडे तोंड करून बसवलेला कॅमेरा पहिल्यांदा विकायला आला जपानात, मे 1999 मध्ये. क्योसेरा कंपनीचा व्हीपी-210 नावाचा तो फोन होता. त्याचा कॅमेरा 1 लाख 10 हजार ठिपक्यांचा, म्हणजे आजच्या भाषेत एक दशांश मेगापिक्सेलच्या थोडा वर. बोलताना समोरच्याला सेकंदाला दोन चित्रं दिसायची. बघा, सेल्फी त्या कॅमेऱ्याच्या गावीही नव्हती, तो बोलताना तोंड दिसावं म्हणून आला होता. पुढच्याच वर्षी जपानातच शार्पचा एक फोन आला, त्याला कॅमेरा मागे होता आणि भिंगाशेजारी छोटासा आरसा बसवलेला होता. स्वतःचा फोटो काढायचा तर फोन उलटा धरायचा आणि आरशात बघायचं. आम्हाला ही युक्ती फार आवडली. आपण टिकलीच्या पाकिटावरच्या आरशात बघून कुंकू लावतो, तसंच ते.

पुढे 2001 पासून जपानात थ्री-जी आलं आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. त्या काळच्या व्हिडिओ कॉलला वाट मिळायची 64 किलोबिटची. तेवढ्या बोळातून 176 बाय 144 ठिपक्यांचं चित्र कसंबसं जायचं. कंपन्यांनी हिशोब केला की चित्र एवढंसंच जाणार असेल तर कॅमेरा चांगला कशाला घालायचा? चांगलं भिंग मागच्या कॅमेऱ्याला, उरलंसुरलं पुढच्याला. घरात तूप कुणाच्या पानात आधी पडतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

ही वाटणी मग मोडलीच नाही. ॲपलच्या आयफोनला पुढचा कॅमेरा मिळाला 2010 मध्ये, चौथ्या आयफोनात. मागचा होता 50 लाख ठिपक्यांचा आणि पुढचा सुमारे 3 लाखांचा, म्हणजे सोळा पटींचा फरक. फोन सगळ्यात महागातला, तरी तोंडाच्या वाट्याला एवढंच. टॅबलेटचं तर विचारूच नका. पहिल्या आयपॅडला कॅमेराच नव्हता. 2011 च्या दुसऱ्या आयपॅडला आला तोही तसाच तीन लाखांचा, आणि बसवला आखूड बाजूला. टॅबलेट आडवा ठेवून बोलायला लागलं की कॅमेरा एका कडेला जातो आणि माणूस भलतीकडेच बघत असल्यासारखं दिसतं. करोनाच्या काळात ज्यांच्या पोरांनी टॅबलेटवर शाळा केली त्यांना आठवत असेल, बाई वर्गात कुणीकडे बघून शिकवतात हेच कळायचं नाही. आयपॅडचा कॅमेरा लांब बाजूला आला तो 2022 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी!

आपल्याकडे स्वस्त इंटरनेट आलं ते 2016 च्या सप्टेंबरात जिओबरोबर. त्याच नोव्हेंबरात विवो कंपनीने पुढे 20 मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला फोन इथे विकायला आणला, आणि मग जाहिरातींत आकड्यांची चढाओढच लागली. फोन घेताना दुकानदार आधी मेगापिक्सेलच सांगतो. इथे थोडं थांबू या, कारण फसगत इथेच होते.

पावसाळ्यात पागोळ्यांखाली आपण भांडी लावतो. जागा आहे दोन हातांची. तिथे चार पातेली ठेवली काय आणि चाळीस वाट्या ठेवल्या काय, पाणी तेवढंच पडणार. वाट्या वाढल्या की प्रत्येक वाटीत थेंब थेंबच येणार. कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी उजेड असतो आणि मेगापिक्सेल म्हणजे वाट्यांची संख्या. पुढच्या कॅमेऱ्याला जागा मिळते तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी, कारण पडदा कडेपर्यंत हवा आणि फोन पातळही हवा. भर उन्हात वाट्या भरतात, फोटो चांगला येतो. पण दिवेलागणीला चुलीपुढे घेतलेल्या फोटोत वाट्या रित्या राहतात आणि चित्रात मुंग्या आल्यासारखे दाणे दिसतात. मग फोन काय करतो, तर ते दाणे पुसून टाकतो. दाण्यांबरोबर सुरकुत्या पुसतो, तीळ पुसतो, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही फिकं करतो. वर अनेक फोनांत 'ब्युटी' म्हणून एक सोय आधीच चालू असते, ती चेहरा गुळगुळीत आणि गोरा करते. आपण न विचारता! 2018 मध्ये परदेशातसुद्धा लोकांनी आरडाओरड केली होती, की नव्या आयफोनात आमची कातडी मेणासारखी दिसते. तेव्हा कंपनीने फोनचा प्रोग्राम दुरुस्त करून दिला.

आणखी एक खोट आहे. बहुतेक स्वस्त फोनांचा पुढचा कॅमेरा नजर मागेपुढे करू शकत नाही. हातभर अंतरावरचंच त्याला नीट दिसतं. आपण आधार कार्ड अगदी नाकाशी नेल्यासारखं त्याच्यापुढे धरतो आणि अक्षरं फुटतात, ती यामुळे. कागदाचा फोटो नेहमी मागच्या कॅमेऱ्यानेच काढावा.

आता थोडं फोनच्या आधीच्या काळात जाऊ. उजेडाची चणचण समजली, पण सावळा चेहराच जास्त काळवंडतो तो का, हे त्याने पुरतं उलगडत नाही. त्याचं मूळ रिळाच्या फोटोंत आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत रिळं करायची. फोटो धुणाऱ्या दुकानांना रंग बरोबर आलेत की नाही हे ताडून बघायला 1950 च्या दशकापासून एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड दिलं जायचं. तिथेच काम करणाऱ्या शर्ली नावाच्या बाईवरून त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. शर्लीचा चेहरा नीट आला की रंग नीट, असा हिशोब. काळ्या मुलांचे आईबाप शाळेच्या ग्रुप फोटोची तक्रार करायचे, गोरी पोरं स्पष्ट आणि आमच्या पोरांचे नुसते डोळे-दात दिसतात म्हणून. त्याने रीळ बदललं नाही. ते सुधारायला लागलं ते लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी कुरकुर केल्यावर, कारण त्यांच्या जाहिरातींत शिसवी लाकूड कुठलं आणि साधं कुठलं हे कळत नव्हतं. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "लेकरापेक्षा कपाटाची किंमत जास्त!" गोऱ्या बाईबरोबर काळ्या आणि आशियाई बाया असलेली कार्डं आली ती 1990 च्या दशकात.

याच काळातली दोन माणसं आम्हाला विसरता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य असताना काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात हिंडायला पासबुक बाळगावं लागायचं आणि त्यावर फोटो हवा. त्या फोटोंसाठी अमेरिकेतल्या पोलरॉईड कंपनीची यंत्रं वापरली जात. 1970 मध्ये तिथेच नोकरीला असलेल्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स यांच्या हे ध्यानात आलं. दोघंही काळे. त्यांनी कंपनीविरुद्ध मोहीम उघडली आणि कॅरोलाइनबाईंना कामावरून काढलं गेलं. मोहीम चालूच राहिली, आणि 1977 मध्ये पोलरॉईडने दक्षिण आफ्रिका सोडली. कॅमेरा काय टिपतो एवढंच त्यांनी विचारलं नाही, तो फोटो कुणाच्या हातात जातो आणि त्याने कुणाची वाट अडते, हेही विचारलं.

रीळ गेलं, पण खोड गेली नाही. 2018 मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायांनी चेहरा बघून बाई की पुरुष हे सांगणारे मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकसुद्धा नव्हती. सावळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रोग्रामची चूक शंभरात जवळजवळ 35 पर्यंत गेली. त्यानंतर कंपन्या हलल्या. गुगलने 2021 पासून आपल्या फोनचा कॅमेरा निरनिराळ्या कातडीच्या रंगांवर बसवायला घेतला.

इकडे आपल्याकडे चेहऱ्याचं काम वाढतच चाललंय. हयातीचा दाखला चेहऱ्यावर निघायला लागला नोव्हेंबर 2021 पासून. त्याला फोनचा पुढचा कॅमेरा किमान 5 मेगापिक्सेलचा लागतो असं सूचनेतच आहे. 1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहारही चेहरा जुळल्यावर द्यायचा, असा नियम आला. गरोदर बाई उन्हातान्हात येते, फोनमध्ये रेंज नसते, आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. सेविकेने काय करावं? गप्पा मारण्यासाठी केलेल्या चिमुकल्या कॅमेऱ्यावर आपण पेन्शन आणि आहार तोलायला लागलो, हे आम्हाला काही पटत नाही. निदान चेहरा जुळला नाही तर दुसरी वाट उघडी हवी आणि ती आपल्याला ठाऊक हवी. हयातीच्या दाखल्यासाठी बँक, पोस्ट आणि सेवा केंद्र या वाटा आहेत, तिथे बोटाचा ठसाही चालतो.

तर आत्याबाईंचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. आदल्या दिवशी त्यांना दाराकडे पाठ करून बसवलं होतं, मागून ऊन आणि तोंडावर सावली. आता अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, पण थेट उन्हात नाही. कॅमेऱ्यावर पिठाचा हात लागलेला होता, तो सुती पदराने पुसला. पदर कपाळावरून मागे घेतला आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरला. पहिल्यांदा नाहीच जुळला. दुसऱ्यांदा डोळे मिचकावले आणि हिरवी खूण आली. थोड्या वेळाने दाखल्याच्या नंबरचा मेसेज वाजला.

आत्याबाईंनी फोन हातात घेऊन खालीवर केला. "आन् फोटू कुठाय?"

मेसेजमध्ये फोटो नव्हता, नुसता नंबर होता. त्या काही उठेनात. मग सुनेने फोन उलटा केला आणि मागच्या कॅमेऱ्याने तुळशीपाशी त्यांचा एक फोटो काढला. तो आता गटाच्या वहीत चिकटवलाय. त्यात हनुवटीवरचे गोंदणाचे तीनही ठिपके दिसतात.