चौकटीतला तुरुंग

रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून आज एक चित्र तुम्हाला सांगून दाखवतो. देवळ्यात आमच्या गटाची बैठक होती, तेव्हा आम्ही ते मधोमध ठेवलं होतं. काचेच्या चौकटीत बसवलेली एका जुन्या चित्राची प्रत. मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, १७३५ सालचं, लंडनच्या विल्यम होगार्थ यांचं.

चित्रात फ्लीट नावाचा तुरुंग आहे. बापाची इस्टेट उधळून कर्जात बुडालेला एक तरुण हताश बसलाय. तुरुंगाचा माणूस त्याच्याकडे फी मागतोय. बायको कानाशी ओरडतेय. आणि दुसऱ्या बाजूला एक बाई बेशुद्ध पडलीय, तिची लहान लेक तिला बिलगलीय. याच माणसानं या बाईला फसवून सोडलं होतं, तरी ती त्याच्यासाठी तिथवर आली.

बैठकीतल्या एका आजीनं विचारलं, "हिनं काय गुन्हा केला?" काहीच नाही. तिथल्या पुरुषानंही चोरी केली नव्हती की मारामारी. त्याच्याकडे पैसे नव्हते, एवढंच. वर तुरुंगातल्या खोलीचे आणि जेवणाचे पैसेही त्यानंच भरायचे. म्हणजे आत बसून कर्ज वाढायचंच. होगार्थ यांचे स्वतःचे वडील कर्जापायी याच तुरुंगात होते, म्हणून हे दुःख त्यांनी घरात पाहिलेलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांच्या कोर्टानं कर्जदाराला दिवाणी तुरुंगात घालायची वाट इथंही उघडली. सावकार कोर्टातून हुकूमनामा आणायचा, मग पकडण्याचं वॉरंट काढायचा. कैद्याच्या जेवणाचा भत्ता मात्र इथं सावकारालाच भरावा लागे. मग माणूस आत टाकून त्याला काय मिळणार? त्याला खरा उपयोग धाकाचा होता. "तुरुंगात घालीन" म्हटलं की शेतकरी वाढीव व्याजाच्या नव्या कागदावर अंगठा द्यायचा.

त्यातच अमेरिकेतल्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर पडले, सरकारनं शेतसाराही वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांना हवे होते ते कर्जाचे कागद. ते हिसकावून त्यांनी जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही, असं त्यात लिहिलं होतं.

आणि बायांचं? १८८८ साली कायद्यात दुरुस्ती झाली की पैशाच्या हुकूमनाम्यापायी कोणत्याही बाईला अटक करायची नाही. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, हेच कलम ५६ म्हणून आहे. कलम ६० मध्ये जप्तीतून काय सुटतं तेही आहे : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने.

मग घरच्या पुरुषाचं काय? १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. पैसे असून मुद्दाम लबाडीनं टाळत असेल, तर गोष्ट वेगळी.

कर्ज बुडवा असं आम्ही म्हणत नाही. घेतलेलं फेडायचंच, आणि न फेडल्यास कोर्टातून जमिनीवर जप्ती येऊ शकते. सही केलेला चेक परत गेला तर तो मात्र फौजदारी मामला होतो, म्हणून कोऱ्या चेकवर सही नको. खोटी कागदपत्रं देणं हाही गुन्हाच.

पण कांद्याचा भाव पडला, हप्ता थकला आणि वसुलीवाला दारात उभा राहून "बाई, तुला जेलात पाठवतो" म्हणाला, तर घाबरून नव्या कागदावर सही करू नका. कागद वाचून दाखवा म्हणा, गटातल्या दोघींना बोलवा. छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही, धमकीची भाषा वापरायची नाही.

बैठक संपल्यावर आजी पुन्हा चित्रापाशी गेली. त्या बेशुद्ध बाईवर बोट ठेवून म्हणाली, "हिला कुणी सांगायला नव्हतं." आपल्याला आहे. आज घरी गेल्यावर शेजारणीला कलम ५६ तेवढं सांगा.