डाव्या हाताचा वारसा

अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना बूगी-वूगीची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. १९३८च्या सुमारास एक लाट आली, महायुद्धाच्या काळात तरुणाई तिच्यावर नाचली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत ती ओसरली, असा त्याचा सारांश असतो. ही नोंद खोटी नाही, पण तिच्यात इतिहास आहे तो नावाचा. बूगी-वूगीचा गाभा होता पियानोवादकाच्या डाव्या हाताने गरजेपोटी घडवलेल्या वाजवण्याच्या रीतीत. पियानोचे दिवस सरले तेव्हा ती रीत गिटारने आणि बासने उचलली, आणि रॉक अँड रोलचा पाया तिच्यावरच रचला गेला. म्हणून या संगीताचे मोजमाप त्याच्या लाटेवरून न करता त्या डाव्या हाताच्या प्रवासावरून करायला हवे.

त्या रीतीमागची गरज समजायची तर पूर्व टेक्सास आणि लुइझियाना इथल्या पाइनच्या जंगलांकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे लाकूडतोडीच्या आणि टर्पेंटाइन काढण्याच्या छावण्या होत्या. तिथले कामगार मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते. छावणीतल्या किंवा जवळपासच्या दारूच्या गुत्त्याला ‘बॅरलहाउस’ म्हणत, आणि तिथे अनेकदा एक पियानो असे. वादक रेल्वेने एका छावणीतून दुसरीकडे फिरत. बूगीच्या तालात आगगाडीच्या चाकांचा खडखडाट आहे, असे नेहमी सांगितले जाते. मीड लक्स लुइसची १९२७मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ ही रचना ऐकली की ते पटतेही. पण रेल्वेचा त्याहून मोठा वाटा वादकांना गावोगाव पोहोचवण्यात होता. तालाचे खरे कारण त्या खोलीतच सापडते. दिवसभर राबलेल्या गर्दीला नाचायचे होते, ढोल नव्हता, बास नव्हता, आणि वाजवणारा माणूस एकच होता.

तबल्याच्या एकल वादनात पेटी किंवा सारंगी लेहरा धरते. तो न थकता फिरत राहतो, म्हणून तबलजीला मोकळीक मिळते. बूगीच्या वादकाला लेहरा आणि ठेका दोन्ही एकट्या डाव्या हाताने सांभाळायचे होते. बारा बारच्या ब्लूजच्या आवर्तनात प्रत्येक बारच्या चार मात्रा दुभंगून आठ ठोके करायचे आणि खर्जातला एक छोटा स्वरसमूह अखंड फिरवत ठेवायचा, हे त्याचे काम. त्या भक्कम आधारावर उजवा हात हवे तसे खेळू शकतो. इथे आक्षेप येतो की यात नवे काय. आवर्तन ब्लूजचे, आणि डावा हात तर रॅगटाइम या पियानोशैलीतही राबत होता. पण रॅगटाइमचा डावा हात खालचा एक स्वर आणि वरचा एक स्वरमेळ यांत झोके घेतो. तो साथ करतो. वेगळा काढून वाजवला तर अपुरा वाटतो. बूगीचा डावा हात स्वतःच एक धून असतो. नेमक्या या गुणामुळे तो पियानोपासून सुटा होऊन दुसऱ्या वाद्यावर जाऊ शकला.

दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराबरोबर ही रीत शिकागोत पोहोचली. तिथे घरभाडे उभे करण्यासाठी राहत्या घरात वर्गणी घेऊन नाचाच्या मेजवान्या होत, आणि तिथेही गरज एकट्या वादकाचीच होती. डिसेंबर १९२८मध्ये पाइनटॉप स्मिथने ‘पाइनटॉप्स बूगी वूगी’ ध्वनिमुद्रित केले. पुढच्या मार्चमध्ये एका नाचघरात गोळी लागून तो ऐन तारुण्यात गेला. शिकागोतल्या इतर बूगीवादकांनाही दुसरी कामे करावी लागत. लुइस आणि अल्बर्ट अमन्स हे टॅक्सी चालवून पोट भरत. जिमी यान्सी बेसबॉलच्या मैदानाची निगा राखत असे. २३ डिसेंबर १९३८ रोजी संगीत-निर्माता जॉन हॅमंडने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये भरवलेल्या मैफिलीत लुइस, अमन्स आणि पीट जॉन्सन यांनी पियानो वाजवला, आणि मग ती लाट आली. मोठ्या वाद्यवृंदांनी बूगी उचलली, अँड्र्यूज भगिनी या गायिकांनी ती घरोघरी नेली, चित्रकार माँड्रियानने आपल्या कॅनव्हासला तिचे नाव दिले. इतका वापर झाल्यावर नावाचा कंटाळा येणे साहजिकच होते.

पण त्याच वर्षांत डावा हात पियानो सोडून निघाला होता. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३६मध्येच तो गिटारच्या खालच्या तारांवर आणला होता. आर्थर स्मिथच्या १९४५च्या ‘गिटार बूगी’ने आणि डेलमोर बंधूंच्या पुढच्या वर्षीच्या ‘फ्रेट ट्रेन बूगी’ने तो गोऱ्या ग्रामीण संगीतात रुजवला. जॉन ली हूकरने १९४८मध्ये एका गिटारवर आणि पायाच्या ठोक्यावर तो उभा केला. रॉक अँड रोलमधल्या चक बेरीच्या गाण्यांत गिटारच्या दोन तारांवर जी घासती लय अखंड चालते, ती पियानोच्या डाव्या हाताचीच आहे. सर्वांत ठसठशीत पुरावा बिग जो टर्नरचा. १९३८च्या कार्नेगी मैफिलीत पीट जॉन्सनच्या बूगीवर गाणारा हाच गायक १९५४मध्ये ‘शेक, रॅटल अँड रोल’ गातो. दरम्यान त्याने गायकी बदलली नाही. जगाने तिला नवे नाव दिले.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की रॉक अँड रोलमध्ये गॉस्पेलचा आवेग आहे, ड्रमवर दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा आघात आहे, ग्रामीण गोऱ्या संगीताची गोष्ट सांगण्याची ढब आहे. सारे श्रेय बूगीला कसे द्यावे? तसे देऊही नये. मात्र हे सगळे ज्या फिरत्या खर्जावर उभे राहिले, तो बूगीचा होता. दुसरा आक्षेप एकसुरीपणाचा. डावा हात बदलत नाही, म्हणून संगीत गरीब, असे म्हणणाऱ्याने यान्सी ऐकावा. त्याची लय संथ आहे, डाव्या हाताच्या आकृत्या वेगवेगळ्या आहेत, आणि रचना कोणत्याही स्वरात असली तरी शेवट ई-फ्लॅटवर करण्याची त्याची स्वतःची खूण आहे. चौकट ठरलेली असली की कल्पकता मरत नाही, हे आवर्तनात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या परंपरेतल्या श्रोत्याला पटवून द्यावे लागू नये.

आपल्याकडे अनेकांना बूगी-वूगी हे नाव १९९६मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या नृत्यस्पर्धेमुळेच माहीत आहे. नावाला प्रसिद्धी मिळाली, पण ज्यांनी ही रीत घडवली त्यांतले पुष्कळजण ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेले आणि त्यांची नोंद राहिली नाही. त्यांचे ऋण मान्य करण्याचा एक साधा मार्ग आपल्या हातात आहे. पाइनटॉप स्मिथची १९२८ची तबकडी आणि चक बेरीचे १९५८चे ‘जॉनी बी. गुड’ लागोपाठ ऐका, आणि दोन्ही वेळा लक्ष गाण्यावर न ठेवता खाली काय चालले आहे त्यावर ठेवा.