घरचं विमान

आकाशकंदील करता येणारा प्रत्येक बाप मनातल्या मनात स्वतःला विमानाचा इंजिनियर समजत असतो. मी तर समजतोच. कामट्या, दोरा, खळ आणि वर ताणून बसवलेला कागद! जुन्या घरगुती विमानात तरी दुसरं काय असायचं? लाकडी फासळ्या, त्यांवर कापड आणि ते ढोलासारखं ताठ व्हावं म्हणून चोपडलेलं डोप नावाचं रोगण. फरक एवढाच, की कंदिलात कोणी बसत नाही.

हे ऐकल्यावर आमची कन्या म्हणाली, "मग बाबा, करू या की आपण!" त्यावर तिच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन इथे नको. मी आपला इतिहासात शिरलो. अडचणीत सापडलेल्या मराठी माणसाला इतिहासाचा फार आधार असतो.

तर घरी विमान बांधायचा नाद जुनाच. अमेरिकेतल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल या मेकॅनिकने फोर्ड मोटारीचं इंजिन विमानाला जोडलं आणि १९२९ साली ते उडवलंसुद्धा. पण या नादाची साथ पसरवली ती फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी. गृहस्थ मूळचे रेडिओवाले. हातातली काठी आणि पायांतलं रडर यांचा मेळ त्यांना काही जमेना. तेव्हा त्यांनी पायांना कामच नसलेलं विमान काढलं! (क्लच जमत नाही म्हणून मोटारच नव्याने शोधणारा माणूस आमच्या आळीत तरी झाला नाही.) विमानाला नाव दिलं 'पू द्यु सिएल', म्हणजे चक्क आभाळातली ऊ. इंग्रजांना ऊ म्हणणं बरं दिसेना, त्यांनी तिची पिसू केली.

ही ऊ १९३३ साली उडाली, १९३४ साली मिन्ये यांचं पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद. करवत धरता येते त्याने खुशाल विमान करावं, असा पुस्तकाचा एकूण सूर. इंग्लंडात घरोघरच्या शेडमधून ठाकठूक सुरू झाली. आणि मग माणसं मरू लागली. १९३६ साली वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कळलं, की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की काठी कितीही ओढा, ते वर येत नाही. पुढचा आणि मागचा पंख एकमेकांच्या कामात पाय घालतात. खोट आराखड्यातच होती. ज्यांनी महिनोन् महिने मन लावून एकेक फासळी घासली असेल, त्यांच्या सुतारकामाचा इथे काही उपयोग नव्हता.

पुढे विमानं पत्र्याची झाली आणि पोराबाळांचा भाव वधारला. कारण रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एकाने बाहेरून हवेची बंदूक लावायची, दुसऱ्याने आत हात घालून ऐरणीसारखा लोखंडी ठोकळा धरायचा. शेपटीच्या निमुळत्या टोकात बापाचा हात जात नाही. दहा वर्षांच्या पोराचा जातो. अशी हजारो रिव्हेटं. शिकागोच्या एका हायस्कूलच्या मुलांनी तर शाळेतच दोन मजली पंखांचं विमान बांधलं, ते १९६० साली उडालं. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड घालायचे तरी सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागतो!

"पण पहिल्यांदा त्यात बसतं कोण?" कन्येने विचारलं.

एकटा वैमानिक, मी सांगितलं. अमेरिकेत तर चाचणीचे तास पुरे होईपर्यंत हौसेसाठी पाहुणा बसवायचा नाही असा नियमच आहे. म्हणजे जिने आत हात घालून ठोकळे धरले, तिने धावपट्टीच्या कडेला उभं राहून बाप उडताना बघायचा. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि रिव्हेट नीट बसलं नसेल तर?"

अशा वेळी मी राइटबंधूंकडे जातो. त्यांचे वडील मिल्टन राइट पाद्री होते. १८७८ साली त्यांनी मुलांसाठी बांबू, बूच, कागद आणि रबर यांचं एक उडतं खेळणं आणलं. पोरांनी त्याच्या नकला केल्या. जितकी मोठी करावी, तितकी कमी उडे. हत्यारांचा हात मात्र आईचा. ती गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी, मुलांची खेळणी तीच करून द्यायची. पुढे १९०३ साली जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण म्हाताऱ्याने एक शपथ घातली होती: दोघांनी एकाच विमानात बसायचं नाही. गेला तर एक जाईल, दोन नाही. पोरांनी ती पाळली.

२५ मे १९१० रोजी त्यांनी ही शपथ एका दिवसापुरती सोडवली. दोघे भाऊ पहिल्यांदा, आणि शेवटचं, एकत्र उडाले. खाली उतरल्यावर ऑरव्हिलने वडिलांनाच विमानात बसवलं. वय वर्षं ८१, उडण्याची पहिलीच खेप. विमान साडेतीनशे फुटांवर गेलं. इंजिनाच्या आवाजात म्हातारा मुलाच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, अजून वर ने.