पॅराग्वे: कागदावर स्पॅनिश, घरात ग्वारानी

अर्जेंटिना, ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या मधोमध असलेल्या पॅराग्वेला समुद्रकिनारा नाही. राजधानी असुन्सिऑन, लोकसंख्या सुमारे 60 लाख. या देशाचं वेगळेपण आहे भाषेत. स्पेनच्या बहुतेक वसाहतींत स्थानिक भाषा मागे पडल्या. इथे मात्र आदिवासी नसलेली माणसंही घरात, बाजारात सर्रास ग्वारानी बोलतात. चलनाचं नावसुद्धा ग्वारानीच! तरीही शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना कित्येक वर्षं शिक्षा व्हायची. 1989 मध्ये स्ट्रोस्नर यांची जवळपास 35 वर्षांची हुकूमशाही संपली आणि 1992 च्या राज्यघटनेनं ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीनं अधिकृत भाषेचा दर्जा दिला. सरकारी कागद मात्र अजूनही बहुतेक स्पॅनिशमध्येच निघतात. त्यामुळे फक्त ग्वारानी येणाऱ्या माणसाला स्वतःचा अर्जही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.